पदरात बांधलेले बी

प्रिय अक्का,

यावलच्या बाजारात तूर्त वांग्याच्या बियाण्याच्या पुड्या विकू नकोस. कारण क्रमाने सांगतो. आधी एवढे पाळ. बियाणे कंपनीचा माणूस आधी तुझ्याच दारी गेला तर, या धास्तीने लिहीत आहे.

तू सासरी निघालीस तेव्हा मायने ते बी राखेत घोळून तुझ्या पदराला बांधले. तानुबाई, कमलबाई, गल्लीतली प्रत्येक लेक ते घेऊनच गेली. मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कोणाला दिले ते लिहून ठेवू, असे मी म्हणालो, तर तू हसलीस, “तुले पावती बिगर माय बी खरी वाटत नही.”

गेल्या वर्षी एका परदेशी बियाणे कंपनीचा माणूस शिंदखेड्याला माझ्याकडे आला होता. त्याच्या अर्जात प्रश्न होता: हा वाण कुटुंबाबाहेर कोणास दिला आहे काय? माझ्याजवळ एकही कागद नव्हता. म्हणून मी नेमकेपणाने ‘नाही’ असे लिहिले. ‘मूळ राखणदार’ म्हणून माझा फोटो छापून येणार होता, हेही लपवत नाही.

बी घराबाहेर कुठे गेलेच नाही, असा त्या एका शब्दाचा अर्थ लावून कंपनीने तिच्या देशात आपले वांगे ‘नवा वाण’ म्हणून नोंदवले. आता तोच अर्ज तिने आपल्या देशातही केला आहे. वकील म्हणतात, शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याची, विकण्याची मुभा कायद्यात आहे. पण दुसऱ्याने नोंदवलेल्या वाणाचे बी नाव छापून विकण्याची नाही. तुझ्या लेकीने, पुनमने, तुझ्या पुड्यांवर हौसेने ‘यशोदाअक्काचे वांगे’ असे छापले आहे. कंपनीच्या माणसाने त्या पुडीचा फोटो परवा मला दाखवला आणि खिशात ठेवला. तेव्हापासून मला झोप नाही.

हरकत घेण्यास अकरा दिवस उरले आहेत. माझ्या सहीपुढे माझाच शब्द टिकणार नाही, तुमचा टिकेल. तानुबाई आणि कमलबाईंना सोबत घेऊन धुळ्याला वकिलांकडे ये. मायने बी कधी दिले, कोणासमक्ष दिले, ते तिघी लिहून द्या. आणि माझे उत्तर खोटे आहे, हेही. माझे काय होईल ते वकिलांनी सांगितले आहे. भीती वाटते, तरी ये. जबाबात मला ‘भाऊ’ म्हणू नकोस, पूर्ण नाव घाल. तिथे जीभ अडखळू देऊ नकोस.

तुझाच धाकटा,
प्रेमराज