भरवशाचा प्रवासी आणि परत आलेली फी

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

आदरणीय इउलालिया मावशीस, तिच्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा निकानोर (घरचा कानो) याचा गुडघे टेकून नमस्कार, आणि आशीर्वादासाठी पुढे केलेलं डोकं.

ग्वादालूपेच्या माउलीच्या कृपेने मी धडधाकट आहे. मागच्या आठवड्यात नाकाचा शेंडा थंडीने पांढरा पडला होता, पण आता रंगावर आला. तुझा गुडघा कसा आहे? सीमेवरचा पूल चढताना जास्त दुखतो की उतरताना? डॉक्टरने गोड बंद केलंय ते तू फक्त डॉक्टरसमोर बंद केलंयस, असं नोएलियाने फोनवर सांगितलं. ती चहाडी करत नव्हती, काळजी करत होती. चांगली मुलगी आहे, हे मी पत्रात आणखी दोन-तीन वेळा लिहिणार आहे, तेव्हा तयारीत राहा.

मी अजून त्याच तेलाच्या विहिरीवर पाइप जोडतोय. अकरा महिने झाले. हे वाक्य परत वाच. छपरं घालायला गेलो तिथे मी दोन महिने टिकलो, कांदे भरण्याच्या शेडमध्ये पाच आठवडे, आणि घोड्यांच्या तबेल्यात जेमतेम सोमवार ते गुरुवार (पण तो घोडाच तसा होता). इथे अकरा महिने. इथून पळून जायचं म्हटलं तरी बाहेर उणे तीस असतं, पण ते कारण डॉन इलारिओंना सांगायची गरज नाही.

आता मुद्द्यावर येतो. डॉन इलारिओ म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या सीटा शिवणारे, नोएलियाचे वडील, ज्यांच्या मुलीशी मला लग्न करायचं आहे (तुला हे माहीत आहे, पण पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं). गेल्या वर्षी त्यांनी न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेली असताना, चार माणसांदेखत मला काय ऐकवलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. "पोरगा वाईट नाही, पण पायात स्प्रिंग आहे. भरवशाचा नाही. आणि माझी पोर भरवशाच्या माणसाच्याच घरी जाईल." त्यांनी सापाता गावाला पोचवायला दिलेली ट्रकची सीट मी तीन दिवस उशिरा पोचवली, त्याचा हा राग. मधे जत्रा लागली होती. सीट मात्र ठीक होती, मी स्वतः तिच्यावर दोन रात्री झोपून खात्री केली होती.

तुला डॉन इलारिओंचा रविवार माहीत आहे. सीमेपलीकडे नुएवो लारेदोला जाऊन शेळीच्या करडाचं जेवण करायचं आणि परत येताना पुलावर, आपण सगळे दीड-दोन तास उन्हात गाडीत भाजत असताना, ते त्या वेगळ्या रांगेतून कोपर खिडकीबाहेर काढून सुळकन निघून जातात. त्या रांगेत फक्त कार्डवाले. मी समजत होतो की ते कार्ड पैसेवाल्यांचं असतं. पण इथल्या कामावरच्या ऑर्व्हिलने (इथलाच माणूस, सहा फूट चार इंच, दिवसाला बोलतो अकरा शब्द) मला सांगितलं की सरकारी कागदावर त्या योजनेचं नावच आहे 'भरवशाचे प्रवासी'. मावशी, माझ्या हातातून पाना पडला. ज्या एका शब्दावर माझं लग्न अडलंय, तो शब्द सरकार अर्ज करणाऱ्याला देतं, शिक्का मारून, फोटोसकट. आणि तोही फुकट. म्हणजे फी एकशेवीस डॉलर, पण ऑर्व्हिलकडे आहे तसलं क्रेडिट कार्ड असेल आणि फी त्याच्यावर भरली, तर बँक ती परत करते. मी विचारलं, "बँकेला काय मिळतं यातून?" तो म्हणाला, "तू." मला अजून कळलं नाही, पण त्या दिवसाचे त्याचे शब्द संपले होते.

बँकेने मला क्रेडिट कार्ड दिलं, आठ दिवसांत. (बँकेला लग्नाची मुलगी नाही, म्हणून तिचा विश्वास लवकर बसतो.) मग अर्ज. अर्जात मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते आणि सगळ्या नोकऱ्या विचारतात, एकही महिना मोकळा सोडायचा नाही. मी सातवीत शाळा सोडली तेव्हापासून एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं. अठरा पत्ते झाले. ऑर्व्हिल शेजारी बसून टाइप करत होता, तो बाराव्या पत्त्यावर उठून कॉफी प्यायला गेला. 'मातामोरोसच्या चर्चमागचा ट्रेलर, दार निळं' हा पत्ता यंत्राने घेतला नाही, पण मी तो खरा असल्यामुळे तीनदा घातला.

मग मुलाखत. त्यासाठी बसने रात्रभर प्रवास करून विमानतळावरच्या सरकारी कचेरीत गेलो, तुझ्या हाताने इस्त्री केलेला तो पांढरा शर्ट घालून. खोली छोटी, मधे काच, पलीकडे मान खाली घालून बसलेला एक जाडगेला माणूस, आणि शांतता. शपथेवर सांगतो, चर्चमधल्या फादर एपिफानिओंच्या पापकबुलीच्या खोक्यात आणि त्या खोलीत फरक एवढाच, की इथे बसायला खुर्ची होती. त्याने हळू आवाजात विचारलं, "सीमेवरून कधी न सांगता काही आणलंय?" आणि मावशी, माझे हात आपोआप जुळले. तूच मला पहिल्या कम्युनियनच्या आधी बजावलं होतंस, की एक पाप गिळलंस तर बाकीच्या कबुलीवर पाणी पडतं, सगळं सांग, लहानातलं लहान. म्हणून मी सगळं सांगितलं. आंबे, पोपटाचं पिल्लू, तुझं ते हिरव्या बाटलीतलं गुडघ्याचं औषध, आणि दर रविवारी डुकराच्या कच्च्या मसालेदार खिम्याचा चोरिसो, तुझ्या झग्याच्या आतून कमरेला गुंडाळलेला, आणि तुझ्यामागे तांदळाची पिशवी घेऊन, तोंडावर काहीच माहीत नसल्याचा भाव ठेवून मी. तो साहेब आधी लिहीत होता, मग लिहायचा थांबला. म्हणाला, "एवढं सगळं कुणी सांगत नाही." मी म्हणालो, "म्हणूनच तर त्या रांगेत गर्दी नसते, साहेब." त्याने दुसऱ्या एका साहेबाला बोलावलं, फक्त ऐकायला. त्यांना पोपटाचं पिल्लू एवढं आवडलं की मला ते दोनदा सांगावं लागलं. शेवटी मी सवयीने विचारलं, "आता प्रायश्चित्त म्हणून किती वेळा प्रार्थना म्हणू?" तो म्हणाला, "पत्र येईल."

आणि पत्र आलं. त्याच्याबद्दल नंतर. त्याच्या आधी आलं ते बँकेचं. त्यात स्वच्छ छापलंय: श्री. निकानोर एलिसोंदो, भरवशाचा प्रवासी योजना, अर्जाची फी, परत. मी ते वाचून दाखवलं तर ऑर्व्हिलने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि नोएलिया फोनवर पुष्कळ वेळ हसली (आनंदाने, असं मी धरून चाललोय). एका बँकेने, जिने मला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, माझं नाव आणि तो शब्द एकाच कागदावर छापला. डॉन इलारिओंनी मला एकवीस वर्षं पाहिलंय, आणि त्यांना ते जमलं नाही.

तो कागद सोबत जोडलाय. तो घेऊन तू सरळ त्यांच्या दुकानात जा, चष्मा लाव, आणि शिलाई मशीनवर ठेव. काही बोलू नकोस. कागदच बोलेल.

गल्लीतल्या सगळ्यांना नमस्कार. गोड कमी खा.

तुझा आज्ञाधारक,
कानो

ता. क. कागद तिसऱ्या ओळीखाली घडी घालून मगच दाखव. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की अर्ज मंजूर होवो वा न होवो, फी परत मिळते. तेवढं वाचायची डॉन इलारिओंना घाई नाही.

ता. क. दोन. सरकारचं पत्र म्हणतं, नाही. कारण दिलंय सीमेवरच्या नियमांचा भंग, म्हणजे चोरिसो. पोपटाबद्दल अक्षर नाही. तेव्हा काही रविवार तू चोरिसो आणू नकोस, निदान कमरेला गुंडाळून तरी नको. त्या साहेबाने तुझं नाव विचारलं नव्हतं. मीच सांगितलं, आणि त्याला लिहिता येईना म्हणून एकेक अक्षर करून सांगितलं. माफ कर. मला वाटलं होतं, ते प्रार्थनेसाठी हवंय.

ता. क. तीन. आता खरं सांगतो, कागद राहू दे. येत्या रविवारी साखरेचा ब्रेड घे (त्यांच्यासाठी), काळा झगा घाल, आणि रीतसर माझ्यातर्फे नोएलियाचा हात मागायला जा. आई असती तर ती गेली असती, आता माझ्याकडे तूच आहेस. नोएलियाने तिच्याकडून होकार दिलाय. डॉन इलारिओ बँकेचं ऐकणार नाहीत, सरकारचंही नाही, पण तुझ्या शब्दाला त्यांनी मान डोलावली नाही असं आजवर कधी झालं नाही. ते तुला एकच प्रश्न विचारतील, की इउलालियाबाई, तुमचा स्वतःचा ह्या पोरावर भरवसा आहे का? विचार करून उत्तर दे, मावशी. पण फार वेळ थांबू नकोस, ते मोजतील.