पहिल्या आजीची काच

९ नोव्हेंबर, सकाळ
माळ्यावर चढलो होतो जुना पंखा शोधायला. पंखा मिळाला नाही. आजोबांच्या फोटो स्टुडिओतलं एक खोकं मिळालं. आत कागदात गुंडाळलेल्या काचा. खिडकीच्या असतील म्हणून भंगारात काढणार होतो, तेवढ्यात बायकोने एक उजेडात धरली. काळा चेहरा, पांढरे केस. काचेवरच्या निगेटिव्ह. उजेडात हिने धरली हे खरं, पण माळ्यावर मी चढलो होतो. म्हणजे शोध माझाच.
संकल्प: हे काम शास्त्रशुद्ध करायचं. जर्मन आणि बासरीसारखं मध्येच सोडायचं नाही.

१० नोव्हेंबर
फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं. आधी प्रदर्शन, मग पुस्तक, मग वेबसाइट. पुस्तकाचं नाव ‘काचेतला काळ’. एक अंगठा आला. चुलतभावाने विचारलं, शिडी कधी परत करतोस. मोठ्या कामाची किंमत घरच्यांना उशिरा कळते.

१२ नोव्हेंबर
थोरल्या आत्याचा फोन. आत्या पहिल्या आजीची मुलगी, बाबा दुसरीचे. आत्या तान्ही असतानाच पहिली आजी गेली. आजोबांनी तिचा एकच फोटो काढला होता, आत्याला मांडीवर घेऊन बसलेला. पण त्याची कॉपी कधी काढली नाही. दुसरी आजी घरात आल्यावर हिंमत झाली नसावी. थोडक्यात, आत्याने उभ्या जन्मात स्वतःच्या आईचा चेहरा पाहिलेला नाही. आणि आता तिचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. तिने विचारलं, त्या काचांत ती आहे का रे?
म्हटलं, आत्या, असेल तर जगात सगळ्यात आधी तू बघशील. फोन ठेवल्यावर मलाच गहिवरून आलं.

१३ नोव्हेंबर
सापडली. खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर हलल्यामुळे पुसट आलेलं बाळ.
ही म्हणाली, काच खिडकीला लावते, मोबाइलवर फोटो काढते, काळ्याचं पांढरं करून आत्यांना आत्ताच पाठवते. मी स्पष्ट नाही म्हटलं. जन्मभर वाट पाहिलेल्या माणसाला असला कच्चा माल द्यायचा? पद्धतशीर स्कॅन, मोठी प्रिंट, फ्रेम, छोटंसं भाषण. हिने मोबाइल पर्समध्ये टाकला. पटलं असावं.

२० नोव्हेंबर
पांढरे हातमोजे आणले. साइज लहान निघाला. पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली. पहिलं वाक्य इतकं चांगलं झालंय, की दुसरं त्याच्या तोडीचं सुचत नाही.

२८ नोव्हेंबर
आत्याचा फोन. म्हणाली, घाई नाही. फक्त नाक कुणासारखं आहे तेवढं सांग. म्हटलं, सरप्राइज आहे. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत.
ही शेजारीच होती. माझं ताट वाढून आत निघून गेली.
प्रस्तावनेचं दुसरं वाक्य जमलं. पहिलं खोडावं लागलं.

५ डिसेंबर, सकाळ
अखेर स्टुडिओवाल्याला फोन केला. म्हणाला, उद्या घेऊन या, स्कॅन करून देतो. आत्याला लगेच कळवलं, रविवारी येतो. बघा, उगाच घाई केली नाही म्हणून सगळं कसं वेळेवर होतंय.

५ डिसेंबर, दुपार
हातमोजे न घालता काच नीट पाहिली. एक बाजू चकचकीत, दुसरीवर मळकट थर. इतक्या वर्षांची धूळ आणि धूर. असली काच परक्या माणसापुढे कशी ठेवायची? कुणाकडे जायचं तर पोराचंही आपण तोंड धुऊन नेतो. चित्र काचेच्या आत, मळ बाहेर. साधं लॉजिक आहे.
ही बाहेर गेलीय. बरंच झालं. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ स्पंज.

५ डिसेंबर, संध्याकाळ
थर अपेक्षेपेक्षा सहज निघाला. दुधावरची साय निघावी तसा. काच लखलखीत. आरपार दिसतं.
जरा जास्तच आरपार दिसतं. ओली आहे म्हणून असेल. वाळली की चित्र वर येईल. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी केलीय.

६ डिसेंबर, सकाळ
वाळली.

६ डिसेंबर, दुपार
चित्र त्या थरातच असतं म्हणे. स्टुडिओवाल्याने फोनवर सांगितलं. काल सांगायला काय झालं होतं? साबणाच्या बाटलीवरही तशी सूचना नाही. आणि आजोबांनी तरी एवढी मोलाची गोष्ट काचेच्या बाहेर का लावून ठेवावी?
हिने सिंकची जाळी काढली. त्यात राखाडी लगदा अडकला होता. तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहत उभी राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

८ डिसेंबर
खोकं कपाटात, किल्ली हिच्या पर्समध्ये. त्याआधी उरलेल्या सगळ्या काचा हिने खिडकीला लावून मोबाइलवर टिपल्या आणि ग्रुपवर टाकल्या. एका दुपारचं काम. ग्रुप नुसता वेडा झालाय. कुणाला काका ओळखू आले, कुणाला काकांची सायकल. चुलतभाऊ शिडी विसरला. सगळे हिचे आभार मानतायत. प्रस्तावनेची चौकशी कुणी केली नाही.
आत्याचं काहीच आलं नाही. तिच्या सुनेला विचारलं. म्हणाली, आईंना आता स्क्रीनवरचं काही दिसत नाही.

११ डिसेंबर, रविवार
ही आली नाही. दारात म्हणाली, खरं काय ते सांगून या. सांगणारच होतो. काच बरोबर घेतली ती त्यासाठीच.
मी काही बोलायच्या आत आत्याने पुडकं हातातून घेतलं, कागद सोडला, काच खिडकीकडे धरली. म्हणाली, उजेड छान येतोय. मला आता तेवढाच कळतो. तूच सांग, कशी आहे?
तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण भाषण तयार होतं. सांगितलं, केसांचा मधोमध भांग आहे. नाक थेट तुझं. ओठ मिटलेत, पण हसू दाबलेलं कळतं. आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिचा चेहरा इतका निवलेला मी कधी पाहिला नव्हता. मग मी रंगात आलो. म्हटलं, ऐटीत बसलीय, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.
आत्याने विचारलं, दोन्ही?
म्हटलं, दोन्ही.
तिने काच चाचपून कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, मग ही ती नव्हे. ती मला घेऊन बसली होती. ही दुसरीच कुणीतरी असेल. तू शोध हं. सावकाश शोध, आता मला कुठे डोळ्यांची घाई आहे.
हो म्हटलं.
घरी आल्यावर हिने विचारलं, सांगितलं का? म्हटलं, शोध चालू आहे.