नेमुरोची धूसर दृश्ये कोणाची

कॅमेरा सहायक संघाच्या बंधूंनो आणि भगिनींनो, पडद्यावर चित्र लखलखीत उमटले की नाव कॅमेरामनचे आणि धूसर उमटले की मान तुमची, हा अन्याय तुम्ही सगळे सोसता. अठ्ठावीस वर्षे मी व्यासपीठावरून त्याविरुद्ध गर्जलो. म्हणून हे मृत्युपत्र वकिलाच्या खोलीत नव्हे, तुमच्या सभेत मोठ्याने वाचले जावे.

मी, कुरामोची सेत्सुओ, वय शहात्तर, निवृत्त कॅमेरामन, राहणार चोफू, तोक्यो. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो.

कलम एक. दोन खोल्यांचे घर बहीण कियो हिला. स्वयंपाकघरातली खिडकी अडकते. खालून ठोसा मार, उघडेल.

कलम दोन. अकराशेच्या आसपास पुस्तके संघाच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे. ते खोडू नये.

कलम तीन. निर्माते साकाकी यांना काही नाही. त्यांनी एकदा विचारलेला प्रश्न रास्त होता. खऱ्या उत्तरासाठी न थांबता एक नाव खोडणे रास्त नव्हते.

कलम चार. कपाटातला डिजिटल कॅमेरा तंत्रशाळेला. २००१ साली उत्तरेकडच्या नेमुरो बंदरातला चित्रपट आम्ही याच्यावरच घेतला. भाड्याच्या दुकानाने भंगारात काढला तेव्हा मी उचलून आणला. देताना पुढचे कलम विद्यार्थ्यांना वाचून दाखवावे; ते जमत नसेल तर कॅमेरा देऊ नये.

कलम पाच. हे कॅमेरे आले तेव्हा त्यांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज माझा होता. ज्यांना फिल्मची रिळे परवडत नाहीत तेही आता चित्रपट काढतील, असे मी सांगत फिरलो, आणि ते खरेच ठरले. पण माझे हात फिल्मवर घडलेले. फिल्मचा कॅमेरा दुकानात एकदा तपासला की लेन्स आणि फिल्म यांमधले अंतर पुन्हा कोणी छेडत नसे. छेडणारा अडाणी ठरे. या नव्या कॅमेऱ्याच्या पोटात मात्र काचेचा ठोकळा होता. कडक थंडीत ते लेन्समागचे अंतर, म्हणजे मागचा फोकस, केसभर सरके. चेहऱ्याची जवळची दृश्ये ठीक येत, समुद्रासकट घेतलेली रुंद दृश्ये धूसर. डोळा लावायच्या इवल्याशा काळ्या-पांढऱ्या पडद्यात ते कळतही नसे.

इवाकी सुमिए अकरा वर्षे माझी फोकस सहायक होती. नेमुरोच्या धक्क्यावर, उणे तेरा तापमानात, ती म्हणाली, "कुरामोचीसान, पाच मिनिटं द्या. मागचा फोकस पुन्हा लावते. मोठा मॉनिटर गाडीत आहे, आणू?"

"मॉनिटर आणलास की दिग्दर्शकापासून आचाऱ्यापर्यंत सगळे मला कॅमेरा शिकवतील. दुकानात तपासलाय ना?"

"दुकानात हीटर होता."

सगळे हसले. मीही हसलो. "इवाकी, थंडी तुला वाजतेय, कॅमेऱ्याला नाही. चल, उजेड जातोय."

तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा नको म्हटले. त्या दिवशी वृद्ध नट ओगुरासान यांनी आपली बोट विकून धक्क्यावरून निघून जाणाऱ्या कोळ्याचा प्रसंग केला. महिनाभराने ते वारले. तोक्योत मोठ्या पडद्यावर तो प्रसंग पाहिला तेव्हा ओगुरासान, बोट, समुद्र, सगळे ओल्या काचेमागे असल्यासारखे होते. पुन्हा घ्यायला माणूस उरला नव्हता.

दिवे लागले. साकाकी म्हणाले, "फोकस कोणाचा होता?"

सगळ्यांनी इवाकीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. दोन-दोन तास बोलणारा मी बुटांकडे पाहत राहिलो. ती उठली, कमरेत वाकली. "चूक माझी. क्षमा करा."

तिचे नाव श्रेयनामावलीतून गेले. आपल्यातला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे: सहायक वरिष्ठाची चूक अंगावर घेतो आणि वरिष्ठ त्याला पुढच्या चित्रपटात सांभाळून घेतो. मी तिला पुढचा चित्रपट दिलाच नाही. रोज तिच्यासमोर उभे राहायचे धैर्य नव्हते. ती जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात लागली आणि तिथेच म्हातारी झाली.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. अंत्यविधीला तिच्या मुलीने, मिनाकोने, आईची चित्रीकरणाची वही माझ्या हातात ठेवली. नेमुरोच्या त्या दिवसाच्या तारखेपुढे पेन्सिलीने लिहिले होते: "उणे तेरा. मागचा फोकस लावू का, दोनदा विचारलं. नको म्हणाले. उजेडाची घाई आहे त्यांना."

"आईनं ही वही कुणालाच दाखवली नाही," मिनाको म्हणाली. "मी विचारायची, का गं? तर म्हणायची, ते सांगतील की. बोलायला हुशार आहेत."

सतरा वर्षे ती वाट पाहत होती. मी सांगितले नाही. जिवंतपणी का नाही, असे विचाराल, तर भित्रा होतो. ती धूसर दृश्ये माझी आहेत.

कलम सहा. बँकेतली सर्व शिल्लक मिनाकोला. मिनाको, ही भरपाई नाही, तुझ्या आईच्या त्या वर्षांची भरपाई होत नाही. नको असेल तर नको म्हण. कारण विचारायला मी नसेन.

कलम सात. दर एप्रिलमध्ये संघ हा नेमुरोचा चित्रपट चुकलेल्या फोकसचा धडा म्हणून नव्या सहायकांना दाखवतो, आणि त्याआधी सहायकांच्या हक्कांवर माझे भाषण ठेवतो. मी ती भाषणे केली. टाळ्याही घेतल्या. आता माझ्या जागी मिनाकोला बोलवा. तिला वाटले तर ती वही वाचेल. आणि त्याआधी एक काम. "फोकस: इवाकी सुमिए" ही ओळ श्रेयनामावलीत घातल्याशिवाय हा चित्रपट पुन्हा दाखवायचा नाही, असा ठराव करा. पुढच्या सभेवर ढकलू नका. आत्ता, बसल्या जागी, हात वर करा.

चोफू, तोक्यो. २२ जानेवारी २०१९.
कुरामोची सेत्सुओ (सही व शिक्का)

आमच्यादेखत सही केली:
ओरिहारा गेंजी, शेजारी
त्सुजिमुरा काने, परिचारिका