मोठ्या बाबांचं नाव

३ जून, सोमवार
उंचावरच्या थंड नाकुरूत पोचलो. मी तळ्याकाठचा माणूस, स्वेटर न घेता आलो आणि बसमधून उतरल्यापासून कुडकुडतोय. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं काम आहे. मालकीण मामा वैरिमू, म्हणजे सगळ्यांची आईच, तोंडाने फटकळ, पण आल्याआल्या चहा आणि चपात्या पुढे केल्या. खाद्यात सुक्या मासळीचा भुगा घालतात, त्या वासाने मला घरीच असल्यासारखं वाटलं. तसं बोललो तर म्हणाली, ओडेरा, तुम्ही तळ्याकडची माणसं पोत्यातलंही खाल, लक्ष ठेवायला हवं. मागची खोली मला दिली आहे. आईला फोन केला. वहिनीचे दिवस भरत आलेत. एकूण झकास चाललंय.

८ जून, शनिवार
दुकानाचा माल मोटारसायकलवरून पोचवणारा कामांडे जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक खेळ खेळतो. पैसे लावायचे, की एक छोटं विमान वर चढू लागतं. सोबत आकडा वाढतो: एक, सव्वा, दीड, दुप्पट. विमान पडद्यावरून उडून जायच्या आत बटण दाबलं तर लावलेले पैसे तितक्या पटीने परत, नाहीतर सगळे गेले. कधी ते निघतानाच उडून जातं. कडेला खेळणाऱ्यांच्या नावांची रांग असते. ज्याने पैसे काढले त्याचं नाव हिरवं होतं. खाली गप्पाही मारता येतात.

कामांडेचे नियम कडक आहेत. चहापाण्याचे सुटे पैसे तेवढेच लावायचे. दीडपटीला आपोआप निघतील असं आधीच ठरवून ठेवायचं. हरलो तर फोन खिशात. दुप्पट व्हायच्या आत निम्म्याहून जास्त वेळा विमान पळतं आणि मागच्या डावाचं पुढच्याला काही ठाऊक नसतं, असं तो म्हणाला. "मशीनला आठवण नाही रे. आठवण ठेवणारी गाढवं आपणच." मी त्याच्याच फोनवर एक डाव खेळलो आणि जिंकलो.

१२ जून, बुधवार
मोठे बाबा ओबिएरो गेले. बाबांमागे मला त्यांनीच वाढवलं. गावाकडच्या शवागारात ठेवलंय. त्याच दिवशी वहिनीला मुलगा झाला.

इथल्या आमच्या माणसांनी बैठक घेतली. शवपेटी, ती घरी न्यायची गाडी, येणाऱ्यांचं जेवण, सगळ्यासाठी वर्गणी. मी पुतण्या, शिवाय गल्ल्यावर बसणारा, म्हणून पैसे माझ्या फोनवर जमा करायचे ठरलं. माती शनिवारी २९ तारखेला. बाळ रडायचं थांबत नाही, असं आई सांगत होती. आमच्यात रडणाऱ्या बाळापुढे गेलेल्यांची नावं एकेक घेतात, ज्या नावाला ते गप्प होतं ते नाव त्याचं. मोठ्या बाबांचं नाव मात्र मातीआधी कुणी घ्यायचं नाही.

१५ जून, शनिवार
स्वतःचं खातं उघडलं. रांगेत नाव सगळ्यांना दिसतं आणि आमची माणसंही हा खेळ खेळतात. वर्गणी सांभाळणारा विमानावर पैसे लावतोय हे दिसलं तर तोंड कुठे लपवू? नाव काय टाकू म्हणून बसलो आणि डोक्यात एकच नाव होतं. ओबिएरो टाकलं. मोठे बाबा असते तर हसले असते, असं तेव्हा वाटलं.

१९ जून, बुधवार
पंधरवड्याचा पगार उडाला. मग वर्गणीतले थोडे घेतले, फक्त गेलेले परत मिळवण्यापुरते. दीडपटीचा नियम सोडला. एकाच वेळी दोन डाव लावले, एक सावध आणि एक मोठा. मोठ्याची भूक सुटली की सावधाचं भान राहत नाही. दुपारी एक म्हातारी दुकानात आली, वर्गणीसाठी कोंबडी विकून आली होती. माझे हात हातात घेऊन तिने आशीर्वाद दिला. मला मान वर करवेना.

२२ जून, शनिवार
सगळे गेले. शवपेटीचेसुद्धा. खातं बंद केलं. कुणाला सांगू? लाज वाटते. भीतीपेक्षा लाजच जास्त.

२४ जून, सोमवार
जेवताना कामांडेच्या फोनकडे नजर गेली. रांगेत ओबिएरो. दुसरा कुणी असेल, नाव काही एकाच माणसाचं नसतं. पण सगळी नावं हिरवी झाली, विमान पळालं, आणि हे नाव तसंच काळं. पुढच्या डावातही तेच. हा कोण येडा, काढतच नाही, असं म्हणत कामांडे हसला.

२६ जून, बुधवार
बाळ दूध घेत नाही. वहिनीने न राहवून मोठ्या बाबांचं नाव घेतलं. ते अजूनच किंचाळलं. आई म्हणते, नाव आधीच कुणीतरी घेतलंय. कुणी घेतलं असेल, असं मलाच विचारत होती. मी ठाऊक नाही म्हणालो.

२८ जून, शुक्रवार
भर दुपारी, कामांडेचा फोन. विमान चढतंय, पळत नाही. सगळे काढून मोकळे झाले. एकटा ओबिएरो. कुणीतरी गप्पांत लिहिलं, काढ ना बाबा. त्या नावाखाली उत्तर आलं:

"माझ्या गाडीचे पैसे आले की निघतो."

कामांडे हसला. मी जेवण तसंच टाकून गल्ल्यावर जाऊन बसलो.

२९ जून, शनिवार
माती झाली नाही. पैसे अडकलेत म्हणून सांगितलं. माणसं म्हणाली, तू आहेस म्हणून काळजी नाही. असं नका ना बोलू —

१ जुलै, सोमवार
मामा वैरिमूने हाक मारली. मी गेलो. मग लक्षात आलं, तिने ओबिएरो म्हटलं होतं. हे नाव मी दुकानात कुणालाच —

तिला विचारलं. ओडेराच म्हटलं, म्हणाली.

२ जुलै
आज मामाने ओडेरा म्हणून तीनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आलं नाही. कामांडे हलवायला आला तेव्हा कळलं. रांगेत आता दोन नावं काळीच राहतात. दुसरं मी वाचलं नाही. वाचणार नाही.

आईला आज सगळं सांगतो. शिव्या देऊ दे. शेत विकू दे. मोठे बाबा, तुमचं नाव परत —

३ जुलै
आईचा फोन. मी सांगायच्या आधी तीच बोलली. बाळ गप्प झालं. दूध प्यायलं. झोपलंय.

कुणाच्या नावाला?

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुझ्या, ओडेरा. गेलेल्यांची नावं संपली, रडता रडता माझ्या तोंडून तुझं निघालं. तू आहेस ना रे?"

आहे म्हणालो. ती म्हणाली, हा तर ओबिएरोंचा आवाज —

फोन ठेवला. बाहेर मामा हाक मारतेय. त्याच नावाने. मी ओ देणार नाही. मी ओडे