शंभरात एक नमुना

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. मीसुद्धा नाही.
लेकीसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. वय पंधरा, वेड व्हिडिओ एडिटिंगचं. सध्या सगळा कारभार हिच्या (म्हणजे बायकोच्या) जुन्या मोबाईलवर चालतो. मोबाईल तापला की मायलेकी त्याला पंख्याखाली निजवतात. शाळकरी मुलांसाठी लघुपट स्पर्धा आहे, फिल्म २८ तारखेपर्यंत पाठवायची. निवडलेल्या दहा मुलांना सुट्टीत एडिटिंग शिकवणार. लेकीने हे तीनदा सांगितलं. म्हटलं, एकदा पुरे. बावीस वर्षं कारखान्यात बिजागऱ्या तपासतोय, वस्तू पारखायला मला कोण शिकवणार?
संकल्प: आठ दिवसांत कॉम्प्युटर घरात.

५ फेब्रुवारी, गुरुवार
लेकीने कागद दिला. काय काय हवं त्याची यादी, म्हणाली. घडी न मोडता पाकिटात ठेवला. मागणाऱ्याचं ऐकून तपासणी करायला लागलो तर झालंच कल्याण.
फिल्म अण्णांवर आहे म्हणे. माझे वडील. पन्नास वर्षं एकाच टीचभर दुकानात घड्याळं दुरुस्त करतायत. १५ तारखेला दुकान कायमचं बंद. नजर साथ देत नाही, हात थरथरतात. अवजारं एक ओळखीचा कारागीर नेणार. लेक रोज शाळेतून थेट तिथे जाते आणि शूटिंग करते. त्या दुकानात बघण्यासारखं काय आहे, देव जाणे.

८ फेब्रुवारी, रविवार
पहिलं दुकान. दुकानदार प्रोसेसर, रॅम असं बरंच बोलला. बोलू दिलं. मग लॅपटॉपचं झाकण दोनशे वेळा उघडून मिटलं. एकशे चाळिसाव्या वेळी त्याने पाणी हवं का विचारलं. स्वतः प्यायला. बिजागरी ढिली. नापास.
लेकीला म्हटलं, बघ, वस्तू अशी घ्यावी लागते. ती म्हणाली, बाबा, डेस्कटॉपला बिजागरीच नसते. या वयात मुलं उलट बोलतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
चार दुकानं, नऊ लॅपटॉप, नऊ नापास. आठ दिवसांचा संकल्प बाराव्या दिवशीही ताजा आहे.
ही म्हणाली, तुमची तपासणी होते, पण पोरीच्या तोंडचं पाणी पळालंय. हिला घाई फार.

१५ फेब्रुवारी, रविवार
पास! दहाव्या लॅपटॉपची बिजागरी पास. काय बिजागरी आहे! झाकण हवं तिथे थांबतं, आवाज नाही, खडखड नाही. दुकानदार म्हणाला, यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही हं. मी म्हटलं, आम्हाला एडिटिंग करायचंय, ग्राफिक्स नाही. त्याने लगेच बिल करायला घेतलं. पटलं असणार.
या गडबडीत अण्णांच्या दुकानात जायचं राहिलं. आज शेवटचा दिवस होता. ही सांगत होती, अण्णा दिवसभर दाराकडे बघत होते. गिऱ्हाईक येईल म्हणून असणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार
लेकीने लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं. व्हिडिओ अडखळतो. आवाज पुढे, चित्र मागे. तिने तिचा कागद मागितला. दिला. घडी तशीच होती, ते तिने पाहिलं. उघडून माझ्यासमोर धरला. पहिलीच ओळ ग्राफिक्स कार्डाची.
आता भांडण होणार असं वाटलं. पण ती म्हणाली, राहू दे बाबा, हळूहळू करीन, होईल. माझ्यावर गेली आहे. चिकाटी.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११
लेक क्लासला गेलीय. लॅपटॉप का रखडतो ते शेवटी मीच शोधून काढलं. भरलाय! मोबाईलवरचं सगळं शूटिंग तिने इकडे आणून मोबाईल रिकामा केलाय. शहाण्णव क्लिप. मधल्याच चार-पाच उघडून बघितल्या. अण्णांचे हात आणि घड्याळ. पुन्हा अण्णांचे हात, पुन्हा घड्याळ. सगळा सारखाच माल.
आमच्या खात्याचा नियम साधा आहे: माल सारखा असला की शंभरात एक नमुना ठेवायचा, बाकीचा आपल्या टेबलावरून हलवायचा. इथे तर शंभरही नाहीत, तरी एक ठेवली. यादीतली पहिली. बाकीच्या पुसल्या. कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली, अर्धवट काम मला जमत नाही.
लेकीला सांगितलेलं नाही. खूश होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
खूश झाली नाही.
मी शाबासकीसाठी शेजारीच उभा होतो. तिने सगळीकडे शोधलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, बाबा, का? मी नमुन्याचा नियम समजावून सांगायला लागलो. अर्ध्यावर थांबलो. का थांबलो माहीत नाही, नियम बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार
रजा. लॅपटॉप घेऊन तीन दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. तिघंही म्हणाले, यातून पुसलेलं परत येत नाही.
चूक कॉम्प्युटरची आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट पुसण्याआधी त्याने विचारायला हवं होतं. (विचारलं होतं. दोनदा. मी दोनदा होय म्हटलं.)
मग अण्णांकडे. म्हटलं, पुन्हा एकदा बसा, तासाभराचं काम आहे. अण्णा म्हणाले, अवजारं गेली, दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलं, बसू कुठे? आणि हात पुढे करून दाखवले. ते हात मी कितीतरी वर्षांत इतक्या जवळून पाहिले नव्हते.
मला रागावले नाहीत. चहा घेऊन जा म्हणाले. मी घाई आहे म्हणालो. घाई कसलीच नव्हती.

२८ फेब्रुवारी, शनिवार
शेवटची तारीख. लेकीने काहीच पाठवलं नाही. एका क्लिपची फिल्म होत नाही, असं आईला म्हणाली.
माझ्याशी अबोला नाही. विचारलं की उत्तर देते. दुकानदार गिऱ्हाइकाला देतो तसं.
भीती वाटते. कसली, ते लिहून ठेवत नाही.

१ मार्च, रविवार. सकाळी
लेक मैत्रिणीकडे, ही बाजारात. घरात मी आणि लॅपटॉप. ठेवलेली क्लिप आज पहिल्यांदा उघडली. नमुना ठेवला, पण तपासलाच नव्हता.
अठरा सेकंद. अण्णांचे हात. उघडं घड्याळ, चिमट्यात मोहरीहून बारीक स्क्रू. लेक विचारते, आजोबा, एवढे बारीक स्क्रू हरवत नाहीत का? अण्णा हसतात. म्हणतात, आता हरवतात गं. तुझा बाप लहान होता ना, तेव्हा इथे शेजारी बसून बशीत माझे स्क्रू सांभाळायचा. एकही हरवला नाही कधी.
तीनदा पाहिली. तिन्ही वेळा मध्येच अडखळली.
संकल्प:
सुचत नाही.
दारात लेकीच्या चपला वाजल्या. घाईने झाकण मिटलं. बिजागरीचा जराही आवाज आला नाही.