न विचारलेला पुरवणी प्रश्न

नारायण पेठ, पुणे
मंगळवार, १६ डिसेंबर

ती. ताईस,
अनिरुद्धचा नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर ओळखून तू हे फेकून देशीलही, पण त्यासाठी तरी ते हातात घ्यावं लागेल. तेवढ्या भरवशावर लिहितो आहे.

घरी सगळे बरे आहेत. थंडी चांगली पडली आहे. वर्ध्याला याहून जास्त असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? गरम पाण्याची पिशवी नेलीस की तुम्हा मायलेकींच्या हिंजवडीच्या फ्लॅटवरच राहिली? मालकाने चावी माझ्याकडे आणून दिली आहे. आत काही सामान आहे. ते पाहायला मी अजून गेलेलो नाही.

लोक मला विचारतात, खासदाराच्या कार्यालयात तू नक्की करतोस काय? मी म्हणतो, प्रश्न लिहितो. वीस वर्षं झाली. आप्पासाहेब दिल्लीला राज्यसभेत उभे राहतात आणि मी इथे झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्यांच्या तोंडी प्रश्न घालतो. ‘हे खरे आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणे काय?’ एवढ्या तीन खुंट्यांवर माझा संसार उभा राहिला. त्याचा मला अभिमानही होता. होता, असंच लिहितो.

तो मंगळवार तुला सांगायला नको. मीच तुला म्हणालो होतो, बारा वाजता टीव्ही लाव. शेकडो प्रश्नांतून सोडतीत आपला निघाला, तोही तिसऱ्या क्रमांकावर. तासाभरात चार-पाच प्रश्नांपलीकडे सभागृह जात नाही, ताई. वीस वर्षांत माझे जेमतेम अकरा प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचले. हा बारावा होता आणि तो आपल्या ऋतुजासाठी होता. फिट्सच्या गोळ्यांचे किती साठे तपासणीत नापास झाले आणि त्यातले किती दुकानांतून परत आले, एवढंच विचारलं होतं.

मंत्री उठले. "सभापती महोदय, उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे." बसले. छापील प्रश्नाला छापील उत्तर, यात कोणाला काही लागत नाही. मंत्र्याला खरं घेरता येतं ते पुरवणी प्रश्नात. तो त्याला आधी माहीत नसतो, त्याचं उत्तर कोणी लिहून दिलेलं नसतं. आणि आप्पासाहेबांनी त्यात काय विचारलं? आधी मंत्र्यांचे आभार मानले. मग म्हणाले, औषध तपासणीची एक आधुनिक प्रयोगशाळा पुण्याला देण्याचा सरकार विचार करील का? मंत्री हसून म्हणाले, सूचना चांगली आहे, अवश्य विचार करू. पुढचा प्रश्न.

आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या. आपले दत्तोबा, हिंजवडीचे, पक्षाचे जुने कार्यकर्ते, म्हणाले, "लय भारी बोलले साहेब! पुन्याला लॅब आनली आपन." कोणीतरी जिलबी मागवली. माझ्या हातात कागदाच्या बशीत दोन वेढे होते, तेवढ्यात तुझा मेसेज आला. ‘पाहिलं.’

संध्याकाळी तू फोन उचललास, एकदाच. मी म्हणालो, साहेबांनी ऐनवेळी प्रश्न बदलला, मी काय करणार? तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास.

दोन आठवडे मी चिडलो आहे. मंत्र्यावर, आप्पासाहेबांवर, त्या जिलबीवर, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ लिहिणाऱ्या दिल्लीतल्या कुठल्यातरी बाबूवर. बायको म्हणाली, एवढी आदळआपट कशासाठी, तुम्ही तर तुमचं काम केलंत. तेव्हापासून झोप नाही.

ताई, साहेबांनी प्रश्न बदलला हे खरं नाही. तो मी बदलला.

आदल्या संध्याकाळी त्यांचा दिल्लीहून फोन आला. मी दोन पुरवणी प्रश्न पाठवले होते. पहिला असा: नापास ठरलेला साठा किती महिने दुकानात विकला जात होता आणि त्या काळात तो घेणाऱ्या रुग्णांचं काय झालं, हे कोणी शोधलं का? त्यांनी तो मला वाचून दाखवला.

"अनिरुद्धराव, हा फार टोकदार झालाय."

"विषयच तसा आहे, साहेब."

"ते ठीक आहे. पण यात आपल्या ओळखीचं कोणी आहे का? तसं असेल तर सांगा. मग मी तसा विचारतो."

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? गेले चौदा दिवस कारणं शोधतो आहे. वीस वर्षांत मी साहेबांकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. कार्यालयात माझी ती ख्याती आहे. लोक पुतण्याची बदली, मेव्हण्याचा गॅस घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना कोरडेपणाने सांगतो, घरची कामं इथे आणू नका. भाचीसाठी सभागृहाचा वेळ वापरला असं उद्या कोणी म्हणालं असतं तर? म्हणजे माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी ऋतूला ‘ओळखीची नाही’ म्हणालो. याहून शोभेल असं कारण सापडलेलं नाही.

"मग कशाला ताणायचं?" ते म्हणाले. "सौम्य करून द्या. पुण्यासाठी काहीतरी मागा." मी दहा मिनिटांत करून दिला. अशी भाषा मला झोपेतही येते. आभारासह.

अजून संपलं नाही. ते सांगायला मला दोन पानं लागली, यावरून ओळख.

प्रश्नाचं लेखी उत्तर सभागृहाआधी सदस्याला मिळतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते माझ्याकडे आलं. उत्तर नेहमीचंच, आरोग्य हा राज्यांचा विषय वगैरे. पण मागे एक तक्ता जोडला होता, नापास साठ्यांचा. तुला आठवतं, तू सप्टेंबरमध्ये मला रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवला होतास? मी तो उघडला आणि तक्त्याशी ताडून पाहिला. एकेचाळीसावी ओळ. गोळीचं नाव तेच, बॅच नंबर तोच, अक्षर न् अक्षर. नमुना जानेवारीत घेतलेला. मार्चमध्ये नापास, गोळीत औषध असायला हवं त्याच्या पावही नाही. मार्चमध्येच साठा परत मागवण्याचा आदेश. किती साठा परत आला, या रकान्यात: ‘माहिती उपलब्ध नाही.’

तू ती पट्टी जुलैत घेतलीस.

तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाराला वेळ होता. फोन समोर होता, साहेबांचा नंबर पाठ आहे. ‘एकेचाळीसावी ओळ विचारा’ एवढं म्हणायचं होतं. पण ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि मग आदल्या दिवशीचं ‘नाही’ मागे घ्यावं लागलं असतं. मी फोन उचलला नाही. साडेअकराला सर्वांसाठी चहा सांगितला.

आणि तुलाही कळवलं नाही. कारण तुला ही ओळ सांगायची तर ती सभागृहात का आली नाही, हेही सांगावं लागलं असतं. चौदा दिवस तो कागद माझ्या खणात आहे. चौदा दिवस तू वर्ध्यात त्या घरात वावरते आहेस, जिथे भाऊजी तुला म्हणाले होते, "एक काम होतं तुझं, तेवढंही झालं नाही."

ऑगस्टमध्ये ऋतू कंपनीच्या बसची वाट बघत असताना फिट येऊन पडली, ती गेलीच. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध जवळजवळ नाहीच, डोस चुकले असणार. तेव्हा मीही तुला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, एखादी गोळी राहिली असेल का गं?" तू पर्समधून ती आठवड्याच्या गोळ्यांची, सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली डबी काढलीस आणि एकेक झाकण उघडून मला दाखवलंस. सोमवार रिकामा. मंगळवार रिकामा. बुधवारची सकाळ रिकामी. त्यापुढचे भरलेले.

विचारायला नको होता तो प्रश्न मी तुला विचारला, आणि विचारायचा होता तो स्वतःच्या हाताने खोडला.

शनिवारी आप्पासाहेब पुण्यात आले. उत्तर अपुरं असेल तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, सोबत कारण लिहून द्यावं लागतं. ती सूचना मी लिहून ठेवली होती. कारणात ऋतूचं नाव, वय, बॅच नंबर, सगळं. त्यांनी वाचली.

"ही कोण तुमची?"

"सख्खी भाची."

त्यांनी चष्मा काढून काडी दातात धरली. मग म्हणाले, "मी विचारलं होतं ना तुम्हाला. त्याच दिवशी सांगायचं होतं." मी सहीसाठी पेन पुढे केलं. "असू द्या. ठेवा टेबलावर."

टेबलावरच आहे. सही नाही. अधिवेशन शुक्रवारी संपतं आहे, म्हणजे आता ते पुढच्या अधिवेशनात, झालं तर. मी पुन्हा ठेवीन त्यांच्यासमोर. मी तुला याआधी एकदा आशा लावली आहे, म्हणून याहून जास्त काही म्हणत नाही.

तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे. एकेचाळीसाव्या ओळीखाली मी रेघ मारलेली नाही. तू पट्टी काढ आणि आकडे स्वतः जुळव. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, त्याचा मी हक्क घालवला आहे. जुळले की कागद भाऊजींच्या हातात दे. काही बोलू नकोस, नुसता दे. ते न वाचता बाजूला ठेवतील तर मला कळव. मी वर्ध्याला येऊन त्यांच्यासमोर उभ्याने वाचून दाखवीन.

ताई, तू एकही गोळी चुकवली नव्हतीस.

मला उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही.

ऋतुजाचा मामा,
अनिरुद्ध