पाचवा रुग्ण

४ मार्च
आज पुन्हा एका शब्दावरून साहेबांशी घासाघीस! टाकीमागच्या गल्लीत काविळीचे चार रुग्ण. आमच्या खात्याचा नियम — पंधरा दिवसांत एका गल्लीत पाच झाले की ‘उद्रेक’. त्याहून कमी असले तर ‘तुरळक’. पण पाचवा आहे की! शिंपी. दिवसभर त्याच गल्लीत मशीन चालवतो, तिथलंच पाणी पितो. फक्त झोपायला पुलापलीकडे जातो.
“झोपतो तिथला पत्ता धरायचा,” साहेब म्हणाले. “उगाच लोकांत घबराट नको.”
शिंप्याचं नाव त्या गल्लीतून खोडलं. रोजच्या पत्रकात लिहिलं — तुरळक. आरोग्य खात्यात एकवीस वर्षं काढली की माणूस मुकाट खोडायला शिकतो.

५ मार्च
भिंगरीचा फोन. धाकटी बहीण माझी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. सहावा महिना लागलाय, तरी तेच! ती त्याच गल्लीत राहते.
“ताई, शेजारचे काका पिवळे पडलेत गं. पाणी उकळून पिऊ का?”
“उकळायचं तर उकळ. पण तुरळक आहे. तुला बाई सगळ्याचाच बाऊ!”
हसली. “तू लिहितेस म्हणजे बरोबरच असणार.”

१८ मार्च
बाळाचं टोपडं विणून झालं. भिंगरी म्हणते, हे माझ्याच डोक्याला बसेल!

२९ मार्च
भिंगरीला ताप. डोळे हळदीसारखे.

२ एप्रिल
दवाखान्यातच आहे. ती ओळखत नाही मला. मेहुणे बाकावर शेजारी बसले होते. म्हणाले, “मी रोज पातेलं चढवायचो. ती गॅस बंद करायची. म्हणायची, पत्रक ताई स्वतः लिहिते.”
दोष देत नव्हते. नुसतं सांगत होते. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं!

४ एप्रिल
गेली. बाळही.

८ एप्रिल
कामावर गेले. घरात बसवेना. नोंदवही उघडली — या पंधरवड्यात टाकीमागच्या गल्लीत पुन्हा चारच. आणि भिंगरी पाचवी.
साहेब हळू आवाजात बोलले. वाईट माणूस नाही. “तिच्या कार्डावर अजून तुमच्या घरचा पत्ता आहे. तुमच्या गल्लीत धरा. इथे तुरळकच राहील.”
लग्नाला तीन वर्षं झाली तरी पत्ता बदलून घेतला नव्हता तिने. किती वेळा ओरडले होते मी तिला! बदलते गं ताई, बदलते.

९ एप्रिल
तिचा पत्ता मीच बदलला. टाकीमागची गल्ली. साहेबांना न दाखवता पत्रक छापायला दिलं. वर लिहिलंय — उद्रेक. खाली — पाणी उकळून प्या.